जोना लोमू : एका खेळाडूची उमेदवारी

कोणत्याहि धंद्यांत शिरणाऱ्यास उमेदवारीचीं वर्षें चुकत नाहींत. सुतार असो, वकील असो कीं वैद्य असो. आरंभीं चुका व्हावयाच्या, त्या कोणी तरी दाखवावयाच्या आणि मग आपण त्या सुधारावयाच्या, हा क्रम ठरलेला आहे. परंतु खेळ हाच ज्यांचा धंदा झाला, त्यांसहि हा नियम लागू पडतो काय? नुसत्या अंगच्या बळावर त्यांचें काम भागत असेल, असें आमच्या कित्येक विद्यार्थ्यांस वाटतें. म्हणून न्यूझीलंडचा विख्यात रग्बीपटु जोना लोमू याच्या पहिल्या कांहीं वर्षांची हकीकत येथें देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम या खेळाविषयीं दोन शब्द सांगतों. मुंबईस जिमखान्याच्या मैदानावर पावसाळ्यांत रग्बी पाहावयास मिळते. तथापि आमच्या पुष्कळ वाचकांनीं ती पाहिली नसेल. प्रत्येक बाजूस १५ गडी असतात व चेंडू लंबगोल असतो. तो हातांत घेऊन पळतां येतें, पायानें पुढें मारतांहि येतो. मात्र हातानें तो पुढें फेंकतां येत नाहीं, बाजूस किंवा मागेंच द्यावा लागतो. ज्याच्या हातीं चेंडू असेल त्यास विरुद्ध बाजूचे गडी, हुतूतूंत धरतात त्याप्रमाणें, धरून खालीं पाडतात. प्रतिपक्षाच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीस टेकविला म्हणजे ‘ट्राय’ झाला. त्याचे ५ गुण. पंधरांपैकीं ८ गडी पुढच्या फळीचे. रेटारेटी करून चेंडू मिळविणें हें त्यांचें मुख्य काम. उरलेले ७ मागच्या फळीचे. तो पळवून नेणें हें त्यांचें. या मागच्या फळीच्या दोन टोकांस उभ्या राहणाऱ्या दोघांस ‘विंग’ म्हणतात.

लोमूचा जन्म १२ मे १९७५ रोजीं ऑकलंड येथें झाला. त्याचे आईबाप मूळचे टोंगा बेटांतील, आणि त्याच्या बालपणाचीं कांहीं वर्षें तेथेंच नातलगांकडे गेलीं. पुढें ऑकलंडच्या दक्षिण भागांतील वस्तींत तो वाढूं लागला. तेथें टोळ्यांची मारामारी नित्याची होती. मुलगा वाईट संगतीस लागूं नये म्हणून आईनें त्यास वेस्ली कॉलेज या निवासी शाळेंत घातलें. ही शाळा मेथडिस्ट मिशनऱ्यांनीं १८४४ सालीं स्थापिलेली आहे. तेथें धांवणें, फेंकणें अशा नाना शर्यतींत तो पुढें आला आणि रग्बींत पुढच्या फळींत खेळूं लागला. वाढ पुरी झाल्यावर त्याची उंची सुमारें ६ फूट ५ इंच व वजन सुमारें ११८ किलो भरलें. इतका अवाढव्य देह असूनहि १०० मीटर अंतर तो सुमारें ११ सेकंदांत तोडीत असे.

असा तरुण राष्ट्रीय संघाच्या नजरेंतून कसा सुटावा? २६ जून १९९४ रोजीं क्राइस्टचर्च येथें फ्रान्सविरुद्ध तो ‘ऑल ब्लॅक्स’ संघांतून पहिला कसोटी सामना खेळला. त्याचें वय त्या दिवशीं १९ वर्षें ४५ दिवस होतें. इतका लहान कसोटीवीर त्या संघांत पूर्वीं कधीं झाला नव्हता. परंतु त्यास उभें केलें होतें विंगच्या जागीं. शाळेंत रेटारेटीच्या कामांत मुरलेल्या मुलास ही जागा नवी होती. केव्हां पुढें धांवून गडी अडवावा आणि केव्हां मागें राहून आपल्या पाठीमागें पडणारा चेंडू राखावा, हें विंगला क्षणांत ठरवावें लागतें. चतुर फ्रेंचांनीं ही उणीव ओळखली व तिचा लाभ घेतला. न्यूझीलंड तो सामना २२-८ असा हरलें. दुसराहि २३-२० असा हरलें. त्या वर्षीं लोमूस पुन्हां कसोटींत घेतलें नाहीं.

येथून त्याची खरी उमेदवारी सुरू झाली. १९९५ च्या जागतिक चषकापूर्वीं संघाचे शिक्षक लॉरी मेन्स यांनीं सर्वांकडून अतिशय कठोर मेहनत करून घेतली. लांब पल्ल्याच्या धांवण्यांत लोमू मागें पडे. त्याच्या निवडीविषयींच शंका होती. तरीहि त्यास घेण्यांत आलें. दक्षिण आफ्रिकेंत आयर्लंडविरुद्ध पहिल्याच सामन्यांत त्यानें २ ट्राय केले. १८ जून रोजीं केपटाउन येथें उपांत्य सामन्यांत इंग्लंडविरुद्ध त्यानें ४ ट्राय केले. पहिल्या ट्रायच्या वेळीं त्यानें टोनी अंडरवुडला बगल दिली व आडवा आलेल्या माइक कॅटला सरळ तुडवून तो रेषेपलीकडे गेला! न्यूझीलंडनें तो सामना ४५-२९ असा जिंकला. मात्र २४ जूनच्या अंतिम सामन्यांत दक्षिण आफ्रिकेच्या गड्यांनीं त्यास एकहि ट्राय करूं दिला नाहीं, आणि वाढविलेल्या वेळांत न्यूझीलंड १५-१२ असें हरलें. लोमू तेव्हां अवघा २० वर्षांचा होता.

त्याच वर्षीं या खेळाचें रूप पालटलें. १८९५ सालीं उत्तर इंग्लंडच्या क्लबांनीं, खेळण्यासाठीं कामगारांची जी मजुरी बुडे ती भरून द्यावी, अशा वादावरून निराळा संघ काढला व त्यांतून रग्बी लीग निघाली. मूळ रग्बी युनियन मात्र पैसा न घेण्याच्या नियमास आणखी १०० वर्षें चिकटून राहिली. २६ ऑगस्ट १९९५ रोजीं पॅरिस येथें तो नियम उठला. अशा रीतीनें लोमू या खेळांतील पहिल्या धंदेवाईक पिढीचा अग्रणी झाला. १९९६ मध्यें ‘सुपर १२’ ही नवी स्पर्धा ज्या ऑकलंडच्या संघानें प्रथम जिंकली, त्यांत तोहि होता.

परंतु १९९५ अखेर वैद्यांनीं निदान केलें कीं, त्यास मूत्रपिंडाचा गंभीर विकार आहे. या विकारांत रक्तांतील प्रथिनें लघवीवाटें निघून जातात, अंगास सूज येते व थकवा फार येतो. त्यामुळें १९९७ सालचा बराच काळ त्यास खेळाविना काढावा लागला. तरी तो परतला. १९९९ च्या जागतिक चषकांत त्यानें ८ ट्राय केले. एकंदर ६३ कसोटी सामन्यांत त्याचे ३७ ट्राय झाले. २००४ सालीं त्याच्या शरीरांत दुसऱ्याचें मूत्रपिंड बसविण्यांत आलें, आणि १८ नोव्हेंबर २०१५ रोजीं वयाच्या ४० व्या वर्षीं तो मृत्यु पावला.

विद्यार्थ्यांनीं यांतून पाहावें तें हें कीं, ज्या देहाची जगानें इतकी स्तुति केली, त्या देहासहि आपल्या जागेचें काम शिकल्यावांचून यश आलें नाहीं. पालकांस व आम्हां शिक्षकांस सांगावयाचें तें याहून निराळें आहे. मैदानावर अगर वर्गांत जो मुलगा मागें पडतो, त्यास आळशी म्हणण्यास क्षणहि लागत नाहीं. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या देहांतहि रोग दडलेला असूं शकतो, हें लोमूच्या चरित्रावरून ध्यानांत येतें. तेव्हां अशा मुलास बोल लावण्यापूर्वीं त्याची प्रकृति एकवार वैद्यास दाखवावी, एवढीच आमची विनंति आहे.