निरनिराळी यंत्रे, एकच दप्तर

श्रोतेहो, कुर्डुवाडीचे जुने स्टेशन आपल्यापैकी काही वडीलधाऱ्यांना आठवत असेल. मुंबईहून सोलापूरकडे जाणारा लोहमार्ग रुंद, आणि बार्शी लाइटचा मार्ग अवघ्या अडीच फुटांचा. एका गाडीतला माल उतरवायचा आणि दुसरीत चढवायचा, असा तिथला रिवाज. माल तोच आणि धनीही तोच; पण दोन रुळांमधले अंतर वेगळे, म्हणून हा सारा खटाटोप! आता ते मार्ग रुंद झाले आणि ती चढउतार संपली. संगणकांच्या जगातही अशीच एक अडचण होती. ती कशी दूर झाली, आणि थोडीशी अजून कशी शिल्लक आहे, हे आज आपण पाहणार आहोत.

समजा, तालुक्याच्या गावी एक माध्यमिक शाळा आहे. कचेरीतल्या संगणकावर विंडोज ही प्रणाली चालते. मुलांच्या प्रयोगशाळेत लिनक्स आहे, म्हणजे युनिक्सच्या घराण्यातली प्रणाली. एका शिक्षकांनी स्वतःचा मॅकिंतोश आणला आहे. आता दहावीच्या गुणांचा तक्ता तयार करायचा आहे. लेखनिक तो पेनड्राइव्हवर घालून वर्गशिक्षकांना देतात, वर्गशिक्षक त्यात दोन दुरुस्त्या करतात, तोवर कचेरीत तिसरी दुरुस्ती होते. आठवड्याने पाहावे तो एकाच तक्त्याच्या चार प्रती, आणि चारही वेगळ्या! यातली खरी कोणती? एखाद्या मुलीचे गुण एका प्रतीत ६८ आणि दुसरीत ८६ असतील, तर हा प्रश्न यंत्राचा राहत नाही, त्या मुलीचा होतो.

यावर उपाय सरळ आहे. दप्तर एकाच ठिकाणी ठेवावे आणि ज्याला पाहायचे असेल त्याने तिथेच ते उघडावे. असे दप्तर सांभाळणाऱ्या संगणकाला सर्व्हर म्हणतात. फाईल पाठविणे आणि फाईल सामाईक ठेवणे यांतला फरक ध्यानात घ्या. पाठविणे म्हणजे पुस्तकाची नक्कल टपालाने धाडणे. सामाईक ठेवणे म्हणजे सर्वांनी वाचनालयातल्या एकाच पुस्तकावर काम करणे. आपल्या टेबलावरच्या संगणकाला ते दूरचे कपाट आपलेच वाटते. पडद्यावर ते इतर फोल्डरांसारखेच दिसते. पण प्रत्यक्षात दर वेळी तारेवरून किंवा बिनतारी मार्गाने संभाषण होत असते. "तू कोण?" "मी अमुक." "खूण सांग." "ही माझी खूण." "काय हवे?" "गुणांचा तक्ता उघडून दे." या संभाषणाच्या ठरीव रीतीला प्रोटोकॉल म्हणतात. रीत एक असली म्हणजे झालं. मग बोलणाऱ्याच्या घरात कोणती प्रणाली आहे याच्याशी ऐकणाऱ्याला कर्तव्य नसते.

पण नेमकी रीतच वेगवेगळी होती. युनिक्सचा जन्म १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत झाला. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची हे त्याचे कर्ते. एका मोठ्या यंत्रावर अनेक माणसांनी काम करावे, हा त्यामागचा विचार. आयबीएमचा घरगुती संगणक १९८१ साली आला, तो एका टेबलावर एका माणसासाठी. अशी ही दोन घराणी अलग वाढली. युनिक्सवाल्यांसाठी सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९८४ च्या सुमारास एनएफएस नावाची रीत काढली आणि तिचे नियम जगापुढे ठेवले. दुसरीकडे आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम यांनी त्याच काळात एसएमबी ही रीत आखली. पुढे मायक्रोसॉफ्टने ती आपलीशी करून वाढविली. तिचे काही नियम छापलेले होते, पण व्यवहारात यंत्रे काय बोलत याचा पुष्कळसा भाग बाहेरच्यांना कळत नसे. परिणाम असा झाला, की ज्या कचेरीत दोन्ही घराण्यांची यंत्रे होती तिने एक तर जास्तीचा कार्यक्रम विकत घ्यावा, नाही तर सगळी यंत्रे एकाच घराण्याची करावीत.

ही कोंडी फोडण्याचे काम ऑस्ट्रेलियातल्या एका विद्यार्थ्याने केले. अँड्र्यू ट्रिजेल हे तेव्हा कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत डॉक्टरेटचा अभ्यास करीत होते. १९९१ सालच्या डिसेंबरात त्यांना आपल्या साध्या संगणकावरून युनिक्स यंत्रातल्या फायली हव्या होत्या. डिजिटल नावाच्या कंपनीचा कार्यक्रम ते वापरीत. पण त्या दोन यंत्रांमध्ये कोणती भाषा चालते याची पोथी त्यांच्याजवळ नव्हती. मग त्यांनी काय केले? तारेवरून जाणारे संदेश टिपून घेतले. यंत्राने असे विचारले की तिकडून असे उत्तर येते, तसे विचारले की तसे येते, हे ताडून पाहिले. आणि जानेवारी १९९२ मध्ये तशीच उत्तरे देणारा स्वतःचा कार्यक्रम युनिक्सवर लिहून तो सर्वांना फुकट दिला.

ही पद्धत समजावून सांगताना ट्रिजेल यांनी पुढे एक दृष्टांत दिला. फ्रेंच भाषा येत नसलेला माणूस फ्रान्समधल्या उपाहारगृहात जाऊन बसतो आणि कान देऊन ऐकतो. गिऱ्हाइकाने अमुक शब्द उच्चारले की वाढपी कॉफी आणतो, तमुक उच्चारले की पाव आणतो. हळूहळू त्याला भाषा उमगते. शिक्षक बंधुभगिनींना हे पटायला वेळ लागू नये. परगावाहून आलेली मुले शाळेत मराठी अशीच उचलतात. त्यांच्या हाती व्याकरण देऊन आपण त्यांना बोलायला लावीत नाही.

आणखी एक गंमत पाहा. ट्रिजेल यांनी हे काम मध्यंतरी बाजूला ठेवले होते. पुढे पत्नीचा विंडोज संगणक आपल्या लिनक्स यंत्राशी जोडायची वेळ आली, तेव्हा त्यांनी जुना कार्यक्रम चालवून पाहिला, आणि तो चालला! आपण ऐकून शिकलो ती एकट्या डिजिटल कंपनीची बोली नसून ती एसएमबीच होय, हे तोवर उघड झाले होते. नावाचीही कथा आहे. कार्यक्रमाचे तेव्हाचे नाव दुसऱ्या एका कंपनीने आधीच नोंदवून ठेवले होते. तेव्हा एस, एम आणि बी ही अक्षरे याच क्रमाने कोणत्या शब्दांत येतात हे त्यांनी संगणकातल्या शब्दसूचीत शोधले. त्यात 'सांबा' हा शब्द निघाला. आपल्याकडे सांब म्हटले की सदाशिव आठवतो. हा सांबा मात्र ब्राझीलचा नाच. १९९४ पासून हेच नाव रूढ झाले.

सांबाने दुभाष्याचे काम केले. विंडोज यंत्राला वाटावे की पलीकडे आपलाच भाऊबंद आहे; पण पलीकडे असते युनिक्स. फायलींची पेटी म्हणून जी लहान यंत्रे आज बाजारात मिळतात, त्यांतील पुष्कळशांच्या पोटात सांबाच असतो. मात्र दुभाष्याला स्वस्थता नव्हती. मूळ भाषा दर काही वर्षांनी बदले आणि पुन्हा कान देऊन ऐकावे लागे. अखेर प्रकरण युरोपात गेले. २००४ साली युरोपीय आयोगाने मायक्रोसॉफ्टला ४९ कोटी ७० लाख युरो दंड केला. इतर आरोपांबरोबर, आपल्या सर्व्हरच्या संभाषणाची माहिती इतरांना न देणे हाही एक आरोप होता. सप्टेंबर २००७ मध्ये तेथील न्यायालयाने हा निर्णय उचलून धरला, आणि त्याच वर्षी डिसेंबरात सांबाच्या वतीने एकदाच १०,००० युरो भरून ती कागदपत्रे मिळविण्यात आली. आता मायक्रोसॉफ्ट हे नियम उघड प्रसिद्ध करते, आणि ॲपलनेही २०१३ पासून आपल्या यंत्रांत फायली वाटण्यासाठी हीच रीत मुख्य मानली आहे.

बरे, एकमेकांची भाषा कळली म्हणजे सारे काम झाले का? नाही. भाषा एक झाली तरी घरोघरच्या चालीरीती उरतातच. त्यांतल्या चार ठळक चालीरीती सांगतो.

पहिली नावांची. युनिक्सला इंग्रजी मोठ्या लिपीतले नाव आणि लहान लिपीतले नाव ही दोन वेगळी नावे वाटतात. विंडोजला ती एकच. म्हणून विंडोजने एखादी फाईल मागितली आणि ती तशीच्या तशी सापडली नाही, तर सांबाला सगळे कपाट धुंडाळावे लागते, न जाणो दुसऱ्या लिपीत असेल! एका फोल्डरात हजारो फायली कोंबल्या की काम मंदावते, त्याचे एक कारण हे. शिवाय प्रश्नचिन्ह, तारांकन, दोन टिंबांचे विसर्गचिन्ह ही युनिक्सला चालतात, विंडोजला चालत नाहीत. म्हणून नावांतून ती टाळावीत.

नावांचा आपल्या मराठीशी असलेला संबंध तर फारच मौजेचा आहे. 'कऱ्हाड' हे नाव घ्या. त्यातला 'ऱ' संगणकात एका चिन्हाने लिहिता येतो, किंवा साधा 'र' आणि त्याखाली नुक्ता असा दोन चिन्हांनीही लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच. पण युनिक्स सर्व्हर चिन्हे मोजतो, डोळ्याने वाचत नाही. त्याच्या लेखी ती दोन गावे! मॅकिंतोशची जुनी फाईलव्यवस्था अशी अक्षरे फोडून ठेवीत असे. त्यामुळे एकाच फोल्डरात कऱ्हाडच्या दोन फायली दिसल्या तर दृष्टिदोष समजू नका. सर्व्हरवरच्या फायलींना इंग्रजी लहान अक्षरांत व आकड्यांत नावे द्यावीत, आतला मजकूर खुशाल मराठी असावा.

दुसरी चाल मजकुराची. टंकलेखन यंत्रावर ओळ संपली की गाडा मागे न्यावा लागे आणि कागद एक घर वर सरकवावा लागे. विंडोजने या दोन्ही क्रियांच्या खुणा ठेवल्या. युनिक्सने एकीवर भागविले. त्यामुळे युनिक्सवर लिहिलेला मजकूर विंडोजच्या नोटपॅडमध्ये एका लांबलचक ओळीत दिसे. नोटपॅड २०१८ मध्ये सुधारले. लिपीचे दुखणे याहून मोठे. आपल्याकडे जुने कागद मोडीत आणि नवे बालबोधीत. भाषा मराठीच, पण मोडी न जाणणाऱ्याला ते मुके. तसेच जुन्या मराठी फॉन्टांत लिहिलेली फाईल, तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर, इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन पसारा दिसते. सर्व्हर फाईल अचूक पोचवितो, पण अर्थ पोचत नाही. १९९१ पासून युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःची जागा मिळाली आहे. जुनी पत्रके, प्रश्नपत्रिका, स्मरणिका आहेत तोवर युनिकोडमध्ये उतरवून घेणे, हे शाळांनी हाती घ्यावे असे काम आहे.

तिसरी चाल परवानगीची. मूळ युनिक्स तीनच माणसे ओळखतो: धनी, त्याचा गट आणि इतरेजन. प्रत्येकाला वाचणे, लिहिणे, चालविणे या तीन मुभा. विंडोजमध्ये मात्र प्रत्येक माणसाच्या नावाने वेगळी यादी करता येते. दोहोंची सांगड घालताना गोंधळ नको असेल तर गट थोडे आणि स्पष्ट असावेत: कचेरी, शिक्षक, विद्यार्थी. शिक्षकांनी लिहावे, विद्यार्थ्यांनी वाचावे, आणि गुणांचा तक्ता विद्यार्थ्यांच्या कपाटात असूच नये.

चौथी चाल कुलपाची. दोघांनी एकच तक्ता एकाच वेळी उघडला तर? विंडोजचे कुलूप खरे कुलूप असते. युनिक्सचे बहुधा 'कृपया थांबा' अशी पाटी असते, मानणारा मानतो. सांबा एक युक्ती करतो. पहिल्या वाचकाला तो सांगतो, "दुसरे कोणी येईपर्यंत प्रत जवळ ठेवा." दुसरा आला की पहिल्याला हाक मारून त्याच्या दुरुस्त्या आधी नोंदवून घेतो. परंतु तीच फाईल कोणी एनएफएसच्या वाटेने किंवा थेट सर्व्हरवर उघडली असेल, तर हा मेळ बिघडू शकतो. म्हणून एका फोल्डराला शक्य तो एकच वाट ठेवावी.

एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय नावाचा उपद्रवी कार्यक्रम जगभर पसरला. ब्रिटनमधल्या रुग्णालयांना नेमलेल्या तपासण्या रद्द कराव्या लागल्या. विंडोजमधील एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतली एक फट त्याने वापरली. मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच तिची दुरुस्ती दिली होती. ज्यांनी ती बसविली नव्हती ते सापडले. त्याच महिन्यात सांबातही एक वेगळी फट आढळली व ती बुजविण्यात आली. तात्पर्य असे की दुरुस्त्या वेळेवर बसवाव्यात, एसएमबीची पहिली आवृत्ती बंद ठेवावी, सामाईक कपाटाचे दार थेट इंटरनेटवर उघडू नये, आणि दप्तराची एक प्रत नेटवर्कपासून अलग काढून ठेवावी. दप्तर एक असावे खरे, पण आगीसाठी नक्कलही हवी.

श्रोतेहो, या साऱ्या हकीकतीतून एक गोष्ट दिसते. माणसे एका वळणाची नसतात, यंत्रेही नसतात, आणि ती तशी करण्याचे कारणही नाही. कोणी जुने यंत्र वापरील, कोणी नवे. पण ज्या रीतीने ती एकमेकांशी बोलतात ती रीत कोणा एकाच्या कुलपात राहता कामा नये. ती उघड असली, की गावच्या शाळेला आपले जुने यंत्र केवळ शेजारच्या यंत्राशी बोलता येत नाही म्हणून टाकून द्यावे लागत नाही. यापुढे आपल्या शाळेसाठी वा ग्रामपंचायतीसाठी संगणक घ्यायचा झाला, तर किमतीबरोबर दुकानदाराला आणखी एक प्रश्न विचारा: "यातल्या फायली उद्या दुसऱ्या प्रणालीच्या यंत्राला उघडता येतील ना?" या प्रश्नाचे उत्तर 'होय' असे आले, तरच आपले दप्तर आपल्या हाती राहील.