आचोळ्याहून समुद्राकडे, पायी

आचोळ्याच्या तळ्यापासून कळंबचा समुद्र नऊ-दहा किलोमीटरवर आहे. रमतगमत गेलं तरी तीन तासांची चाल. तरीही नालासोपारा पूर्वेला वर्षानुवर्षं राहणारी कितीतरी कुटुंबं अशी आहेत की ज्यांनी अलिबाग पाहिलं, गणपतीपुळे पाहिलं, गोवाही पाहिला; पण सोपाऱ्याचा स्तूप पाहिला नाही, निर्मळचं तळं पाहिलं नाही. याचं कारण आळस नाही. आपलं सगळं आयुष्य रेल्वेच्या रुळांना समांतर चालतं. सकाळी चर्चगेटच्या दिशेला, रात्री विरारच्या दिशेला. रूळ ओलांडून सरळ पश्चिमेला चालत सुटावं, असं कुठलंच काम आपल्याला पडत नाही. 2009 साली वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि आजूबाजूची गावं मिळून महापालिका झाली, 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या बारा लाखांवर गेली. शहर कागदावर एक झालं. रुळांच्या पूर्वेचा आणि पश्चिमेचा माणूस मात्र अजून एकमेकांना फारसा ओळखत नाही.

म्हणून माझा आग्रह आहे की दिवाळीच्या सुट्टीत तीन-चार दिवस हा किनारा पायी पाहावा. रोज सकाळी निघावं, संध्याकाळी बसनं किंवा रिक्षानं परतावं. हॉटेलचं आरक्षण नको, टोलनाके नकोत. पण स्वस्तपणा हे यातलं सर्वांत छोटं कारण आहे.

खरं कारण सोपाऱ्यात सापडतं. नालासोपारा या नावातला सोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक. ग्रीक दर्यावर्दींच्या ‘पेरिप्लस’मध्ये त्याचा सुप्पारा म्हणून उल्लेख आहे, टॉलेमीनंही त्याची नोंद केली आहे. 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी इथलं ‘बुरुड राजाचा कोट’ नावाचं टेकाड खणलं. आत विटांचा स्तूप निघाला. त्याच्या पोटात दगडी पेटी, पेटीत एकात एक बसवलेले करंडक, आणि सर्वांत आतल्या सोन्याच्या करंडकात मातीच्या भांड्याचे तुकडे. बुद्धाच्या भिक्षापात्राचे तुकडे म्हणून ते श्रद्धेनं जपलेले होते. हा ठेवा पुढे मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत गेला. त्याच वर्षी सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला, आणि 1956 मध्ये भुईगावात नवव्याचा.

त्या आठव्या लेखात काय आहे, हे सोपाऱ्याला जाणाऱ्या प्रत्येकानं माहीत करून घ्यावं. आपल्याकडचा तुकडा खंडित आहे. पूर्ण मजकूर गिरनारसारख्या ठिकाणच्या प्रतींवरून कळतो. पूर्वीचे राजे शिकारीसाठी, करमणुकीसाठी विहारयात्रेला निघत, असं अशोक सांगतो. राज्याभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर तो स्वतः बोधिवृक्षापाशी गेला आणि तेव्हापासून त्याच्या यात्रेची रीत बदलली. श्रमण-ब्राह्मणांना भेटायचं, म्हाताऱ्याकोताऱ्यांना भेटायचं, जनपदातल्या माणसांशी बोलायचं. याचा आनंद जुन्या यात्रांहून मोठा आहे, असं तो नोंदवून ठेवतो. सुट्टी कशी घालवावी याविषयी साडेबावीसशेहून अधिक वर्षांपूर्वी कोरलेला मजकूर आपल्याच गावच्या दगडावर निघावा, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. माणसं भेटणारा प्रवास गाडीच्या काचेतून होत नाही.

स्तूपाशी अर्धा तास शांत बसावं, चक्रेश्वर तलावाकाठचं देऊळ आणि तिथल्या जुन्या मूर्ती पाहाव्यात, आणि मग गासच्या दिशेनं निघावं. इमारती विरळ होतात, खाजण लागतं, पाण्यात बगळे उभे असतात. गास ओलांडलं की वाड्या सुरू होतात, आणि इथून पुढे पाय आपोआप सावकाश पडू लागतात. केळी, नारळ, पानवेली, सोनचाफा, मोगरा. इथल्या फुलांच्या टोपल्या पहाटेच्या गाडीनं दादरच्या बाजारात जातात. राजेळी केळी सोलून, उन्हात सुकवून केलेली सुकेळी ही वसईची जुनी ओळख. कुठे मिळाली तर जरूर घ्या. करणारे हात कमी होत चालले आहेत.

या वाड्या कशावर जगल्या, हे मुख्य रस्त्यावरून कळत नाही. त्यासाठी दोन वाड्यांमधल्या पायवाटेनं आत शिरावं लागतं. आत बावखल दिसतं. बावखल म्हणजे माणसांनी खणलेलं गोड्या पाण्याचं लहान तळं. काठावर उंबरासारखी झाडं, पाण्यात मासे. समुद्र इतका जवळ की जमिनीखाली खारं पाणी टपून बसलेलं. पावसाचं पाणी बावखलात साठतं, हळूहळू मुरतं, आणि त्या गोड्या पाण्याच्या दाबानं खारं पाणी मागे राहतं. म्हणून विहिरी गोड, म्हणून केळी गोड. पूर्वी या पाण्यावर रहाट चालत. गेल्या काही दशकांत किती बावखलं भरणी टाकून बुजवली गेली! वाडीतल्या कुठल्याही वयस्कर माणसाला विचारा, तो हात करून जागा दाखवेल. विहिरींतून टँकरनं पाणी उपसून शहरात विकलं जाऊ लागलं तेव्हा वसईकर रस्त्यावर आले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकारानं उभी राहिलेली हरित वसई संरक्षण समिती ही त्या लढ्याची खूण. पुढे 2020 च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. जुलै 2024 मध्ये ते गेले. ज्यांनी ही हिरवळ राखली ते आपले शेजारी आहेत. जुलै 2018 मध्ये नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले, तेव्हा पाण्याला मुरायला आणि वाहायला जागा का लागते, याचा धडा आपल्या पूर्वेलाही मिळाला.

याच वाटांवर भाषा बदलत जातात. कुपारी समाजाची कादोडी, वाडवळांची वाडवळी, किनाऱ्याला लागलं की मांगेल्यांची आणि कोळ्यांची बोली. एखादी कुपारी आजी अजून लाल लुगड्यात दिसते. निर्मळला तळ्याकाठी शंकराचार्यांचं समाधिमंदिर आहे आणि त्याच गावात होली क्रॉस चर्च. गासच्या चर्चला नाव आहे संत गोन्सालो गार्सिया यांचं. 1557 च्या सुमारास वसईत जन्मलेला हा माणूस 1597 साली जपानमधल्या नागासाकीत हुतात्मा झाला. 1862 साली त्यांना संतपद मिळालं, भारतात जन्मलेले ते पहिले रोमन कॅथलिक संत.

किनाऱ्यावर चालायचं तर कॅलेंडरवरची तिथी पाहून निघावं. कोकणपट्टीतला साधा हिशेब आहे: पक्षातल्या तिथीच्या आकड्याला पाऊणनं गुणलं की भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास पूर्ण भरती आणि पाण्याला उधाण. अष्टमीच्या आगेमागे भांगाची भरती, पाणी फार चढत नाही. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. हिशेब अंदाजाचा आहे, तेव्हा छापील वेळापत्रकाशी ताडून पाहावा. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास येते, म्हणजे मावळतीला ओल्या, टणक वाळूवरून चालता येतं. मधले नाले भरतीत ओलांडू नयेत, गावातून वळसा घ्यावा. आणि पाण्यात उतरू नये. या किनाऱ्यानं दरवर्षी बेसावध माणसं गिळली आहेत.

अर्नाळ्यापासून वसईच्या किल्ल्यापर्यंत सगळा मिळून पंधरा-अठरा किलोमीटरचा पट्टा: अर्नाळा, नवापूर, राजोडी, कळंब, भुईगाव, रानगाव, सुरूची बाग, किल्लाबंदर, पाचूबंदर. दोन दिवसांत निवांत होतो. कळंब-राजोडीला सुरूची झाडं मुळं उघडी पडून आडवी झालेली दिसतील. समुद्र आत येतो आहे. अर्नाळ्याला होडीनं बेटावर जावं. किल्ल्याच्या दरवाजावर हत्ती आणि वाघ कोरलेले आहेत, आत अष्टकोनी तळं आहे. 1737 मध्ये मराठ्यांनी हा किल्ला घेतला आणि 1739 च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई. वसईच्या किल्ल्याविषयी इतकं लिहिलं गेलं आहे की मी एवढंच सांगेन: तिथे गाडीनं जाऊन तासाभरात परतू नका. पाचूबंदरहून चालत या, बांबूच्या वलांड्यांवर सुकणाऱ्या बोंबलांच्या वासातून. उरलेल्या दिवशी उंचावरून सगळा पट्टा पाहायचा असेल तर विरारच्या जीवदानी डोंगराच्या पायऱ्या आहेत.

वेल्सनं 2012 मध्ये आपल्या संपूर्ण किनाऱ्यालगत सुमारे 1400 किलोमीटरची पायवाट खुली केली. वाट आखलेली, खुणा लावलेल्या, देखभाल होणारी. आपल्याला तेवढं नको. अर्नाळा ते वसई एवढ्या पट्ट्यात महापालिकेनं आणि ग्रामपंचायतींनी दिशादर्शक पाट्या लावाव्यात, बावखलांशेजारी माहितीफलक उभारावेत, जुन्या पायवाटा बांधकामांखाली जाऊ देऊ नयेत. ही मागणी अवास्तव नाही. पण ज्या वाटेवर कुणी चालत नाही तिच्यासाठी कुणी भांडतही नाही, म्हणून आधी चालायला हवं. वाडीत शिरताना मालकाला विचारावं, फूल तोडू नये, कचरा आपल्या पिशवीत परत आणावा.

सुट्टीत जमलं नाही, तर पुढे कार्तिक वद्य एकादशीला निर्मळची जत्रा सुरू होते. त्या दिवशी भरती सकाळी सव्वाआठच्या सुमारास, म्हणजे कळंबला ओहोटी दुपारी दोन-अडीचला. आचोळ्याहून सकाळी आठला निघा. सोपारा, गास, निर्मळ करून, जत्रेत जेवून, वेळेवर वाळूत पोहोचाल.