गाडी सुटली, रान उतरलं

शेगाव स्टेशनात उतरलं की पाय आपोआप मंदिराकडे वळतात. दर्शन आटोपलं की पोरांचा हट्ट ठरलेला असायचा, आनंदसागर! ओसाड माळावर संस्थानाने फुलवलेली बाग, मधोमध तळं आणि झाडांमधून धावणारी छोटी आगगाडी. याच शेगावच्या उत्तरेला, सातपुड्यात, गोष्ट उलटी घडली. तिथली खरीखुरी गाडी थांबली आणि रुळांचा ताबा रानाने घेतला.

हा अकोला-खंडवा मीटरगेज मार्ग. जयपूरहून काचीगुड्याला जाणारी मीनाक्षी एक्स्प्रेस इथूनच मेळघाट ओलांडायची. धूळघाटाजवळ तर कमालच होती. चढ जमावा म्हणून रूळ गोल वळसा घेऊन पुलावरून स्वतःलाच ओलांडायचे. कागदावर काढलं तर आपला मराठी ४! खिडकीतून खाली पाहिलं की नुकताच मागे टाकलेला रूळ दिसायचा.

२०१७च्या सुमारास रुंदीकरणासाठी ही गाडी थांबली. पण मार्गाचे जवळजवळ ४० किलोमीटर व्याघ्रप्रकल्पातले. वाघ, गवा, अस्वल यांच्या घरातून ब्रॉडगेज न्यायची का, यावर वन्यजीवप्रेमी वर्षानुवर्षं भांडले, आणि मार्ग जंगलाबाहेरून वळवायचं ठरलं. कुठून? आपल्या बुलडाणा जिल्ह्यातल्या सोनाळा, जामोदकडून! वाघाची वाट मोकळी, आणि रेल्वेची वाट पाहणाऱ्या गावांनाही आशा. असा निकाल विरळाच.

सोडलेल्या रुळांवर माणसं काय काय करतात, तेही बघा. सिंगापूरच्या जुन्या स्थानकातून मलेशियाची शेवटची गाडी ३० जून २०११ला निघाली, ती चक्क जोहोरच्या सुलतानांनी चालवत नेली! तो २४ किलोमीटरचा पट्टा आज हिरवी पायवाट आहे. न्यूयॉर्कची हाय लाइन, म्हणजे उंचावरून जाणारा बंद पडलेला रेल्वेमार्ग, पाडायचीच होती. दोन शेजाऱ्यांनी १९९९मध्ये ती वाचवायला मंडळ काढलं आणि २००९मध्ये तिथे बाग उघडली.

मला सगळ्यात आवडतं ते बर्लिनचं झ्यूडगेलेंडे. शहराची फाळणी झाली आणि १९५२मध्ये तिथलं मालगाड्यांचं यार्ड बंद पडलं. कुणी एक रोप लावलं नाही, तरी जंगल उगवलं. मालगाड्यांसोबत आलेलं दूरदेशीचं बी खडीत रुजलं होतं. पुढे तिथे पुन्हा मालधक्का बांधायचा घाट घातला गेला, तेव्हा नागरिक आडवे आले. २०००पासून ते १८ हेक्टरांचं निसर्ग-उद्यान आहे. रूळ तसेच, जुनं वाफेचं इंजिन तसंच, इंजिन फिरवायची चकतीही जागेवर. मोकळं गवताळ रान झाडीने गिळू नये म्हणून तिथे चक्क मेंढ्या चारतात.

धूळघाटाचा तो ४ असाच जपावा, असं मनापासून वाटतं. भंगारात एकही खिळा न जाता. आणि तो दाखवायला सोबत असावा मेळघाटातलाच कोरकू तरुण, ज्याच्या आजोबांनी ती गाडी रोज पाहिली असेल.