जिनिंगमधल्या बायांची जागा

यवतमाळ, वणी, पांढरकवडा, घाटंजी. दिवाळीनंतर इथल्या जिनिंगच्या फाटकांपुढे कापसाच्या गाड्यांची रांग लागते. क्विंटलभर कापसातून साधारण 34 किलो रुई निघते. उरते ती बहुतेक सरकी. डबल रोलर जिनाचे दोन खरबरीत रूळ तंतू ओढून घेतात, स्थिर पाते सरकीला अडवते, हलते पाते तिला खाली पाडते. रुईच्या मग सुमारे 170 किलोच्या गाठी बांधतात. या जिनाची मूळ कल्पना 1840 च्या मॅकार्थी यांच्या अमेरिकी पेटंटातली.

ही यंत्रे येण्याआधी इथे सरकी काढायचा हातरेचा होता आणि तो फिरवणाऱ्या बाया होत्या. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि व्यापाऱ्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. वाफेवरचे जिन आले, प्रेस आले, पुढे यवतमाळ–मूर्तिजापूर रेल्वे, 'शकुंतला' आली. तिचे 1921 चे इंजिनही मँचेस्टरचेच. हातरेचा गेला, पण जिनिंगमध्ये बायांना काम मिळाले: टोपलीने कापूस वाहायचा, जिनापुढे उभे राहून हाताने भरवायचा. नाकातोंडात धूळ जायची. तरी शेतकाम आटल्यावर रोख मजुरी देणारे तेच.

2000 साली केंद्राचे कापूस तंत्रज्ञान अभियान आले. रुईत केस, सुतळी, चिंध्या निघतात ही गिरण्यांची तक्रार खरीच होती. अनुदानातून फरशी, कन्व्हेअर, ऑटोफीडर बसले. रुई सुधारली आणि भरवणीचे काम गेले. फिटर राहिला, प्रेसवाला राहिला, म्हणजे पुरुष. यंत्रासाठी पैसा मिळाला, सुटलेल्या हातांचा हिशेब कुणी मांडला नाही, हे मला खटकते.

कापसाच्या भावाची दोरी तर आणखी दूर, दिल्लीच्या हातात. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क उठवले आणि सवलत डिसेंबरअखेरपर्यंत लांबवली. गिरण्यांना स्वस्त कापूस हवा होता. इथला शेतकरी क्विंटलला 8110 रुपयांच्या हमीभावासाठी भारतीय कापूस महामंडळाच्या (सीसीआय) खरेदी केंद्राकडे वळला.

बायांकडे आज मुख्यतः वेचणी उरली आहे, किलोवर मजुरी. बोंडे एकदम फुटत नाहीत, म्हणून यंत्र अजून शेतात शिरलेले नाही. सघन लागवड करून तेही आणायचे प्रयत्न विदर्भात चालू आहेत. मात्र यंत्राने वेचलेला कापूस पालापाचोळ्यासकट येतो, त्याला जिनिंगमध्ये सफाईची जादा यंत्रे लागतात. तो खर्च जिनिंगवाल्याने करायचा की शेतकऱ्याच्या भावातून कापायचा, हा प्रश्न आधी सुटायला हवा.