अप्रेझलच्या फॉर्ममध्ये न मावलेलं वर्ष

मार्च संपत आला की बँकांच्या शाखांत, कोषागारांत आणि सीएंच्या ऑफिसांत दिवे उशिरापर्यंत चालू असतात. त्याच गडबडीत खाजगी कंपन्यांमध्ये एचआरचा मेल येऊन थडकतो: सेल्फ अप्रेझलचा फॉर्म शुक्रवारपर्यंत भरा. मग डोकं खाजवणं सुरू होतं. वर्षभर आपण केलं तरी काय? संक्रांतीच्या मागचं तर काही आठवतच नाही.

हा फॉर्म मुळात आपल्यासाठी नसतोच. तो पगारवाढ ठरवणाऱ्यासाठी असतो आणि आपणही तो त्याच हिशेबाने भरतो. यश ठळक, कंटाळा गायब. सरकारी नोकरीत तर वर्षाचा शेरा अनेक दशकं गोपनीय असे. सीमेवरचे रस्ते बांधणाऱ्या केंद्रीय सेवेतले अभियंता देव दत्त यांना एका वर्षी ‘चांगला’ असा शेरा मिळाला. बढतीसाठी ‘अतिशय चांगला’ लागत होता. शेरा त्यांना कळवलाच नव्हता आणि बढती हुकली. २००८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला: शेरा कसाही असो, कर्मचाऱ्याला तो कळवलाच पाहिजे. ते योग्यच झालं. पण साहेबांना आपलं काम कसं वाटलं हे कळणं वेगळं आणि त्या कामात आपलं मन किती रमलं हे कळणं वेगळं. या दुसऱ्या गोष्टीचा फॉर्म कुणी पाठवत नाही.

बरं, नुसतं आठवून ठरवावं तर आठवणीचा भरवसा नाही. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि सहकाऱ्यांनी १९९३मध्ये एक गमतीदार प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांनी १४ अंश सेल्सिअसच्या गार पाण्यात ६० सेकंद हात बुडवून ठेवायचा. दुसऱ्या खेपेला तेच ६० सेकंद, वर आणखी ३० सेकंद. फक्त त्या अर्ध्या मिनिटात पाण्याचा गारवा हळूहळू एका अंशाने कमी होणार. पुन्हा कोणता प्रकार कराल, असं विचारल्यावर बहुतेकांनी जास्त वेळ त्रास देणारा दुसरा प्रकार निवडला, कारण त्याचा शेवट जरा सुसह्य होता. नोकरीच्या वर्षाचंही तेच होतं. मार्चमध्ये साहेबांशी खटका उडाला की अख्खं वर्ष पाण्यात गेल्यासारखं वाटतं. कितीतरी राजीनामे अशा शेवटच्या पंधरवड्यावरच ठरत असावेत.

हार्वर्डच्या टेरेसा अमाबिले आणि संशोधक स्टीव्हन क्रेमर यांनी म्हणूनच आठवणीऐवजी रोजच्या नोंदी गाठल्या. सात कंपन्यांतले २३८ कर्मचारी, दिवस संपताना दिवसाची छोटी टिपणं आणि हाती आलेल्या जवळपास १२,००० नोंदी. त्यांतून निघालेली गोष्ट साधी आहे. माणसं ज्या दिवशी सर्वांत खुशीत होती त्यांपैकी ७६ टक्के दिवशी हातातलं काम थोडं तरी पुढे सरकलं होतं. काम म्हणजे काही फार मोठं नव्हे. अडलेली एखादी गोष्ट सुटली, एवढंच. याच दोघांनी कर्मचाऱ्यांना उत्साह कशाने येतो, असं सहाशेहून अधिक व्यवस्थापकांना विचारलं, तेव्हा दिलेल्या पाच कारणांत ‘काम पुढे सरकणं’ हे कारण शेवटच्या क्रमांकावर गेलं. साहेबलोकांचं हे अज्ञान जगभर सारखंच म्हणायचं.

रोजची डायरी आपल्यापैकी किती जण लिहितात? पण पुरावे असतातच. फोनमधलं कॅलेंडर, पाठवलेले मेल, ऑफिसचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. समजा, सहकारी बँकेच्या कर्ज विभागातली एक अधिकारी गेल्या एप्रिलपासून हे चाळायला बसली. मेमध्ये पीक कर्जाच्या नूतनीकरणाची झुंबड: दमणूक खूप, तरी समाधान. जुलैमध्ये नव्या लिपिकाला कर्जप्रकरण तपासायला शिकवलं: अप्रेझलमध्ये याचा उल्लेखही नाही, पण मजा आली. पुढे दर सोमवारी विम्याच्या टार्गेटची मीटिंग: या ओळीपुढे नुसती फुली. तासाभरात तिला कळेल की तिला बँकेचा कंटाळा आलेला नाही, सोमवारचा आलाय.

पगाराचं काय, असा प्रश्न येणारच. मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी पिट्सबर्गमधल्या सुमारे दोनशे अभियंते आणि अकाउंटंटांशी बोलून १९५९मध्ये मांडलं, की कमी पगार माणसाला नाराज करतो, पण पगार वाढला म्हणून कामाची गोडी वाढेलच असं नाही. ती कर्तबगारीतून, जबाबदारीतून आणि खुद्द कामातून येते. या सिद्धांतावर टीकाही बरीच झाली. टीकाकारांच्या मते यश आपलं आणि दोष कंपनीचा, असं सांगण्याची माणसाची खोडच असते. शिवाय घरभाडं थकलेल्या माणसाला हा सिद्धांत ऐकवू नये.

फुल्या सापडल्यावर नोकरी सोडायलाच हवी असंही नाही. संशोधक एमी रेझनेस्की आणि जेन डटन यांनी अमेरिकेतल्या एका रुग्णालयातल्या सफाई कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला होता. कामाची यादी सगळ्यांची सारखी. काही जण तेवढंच करून निघत. काही मात्र रुग्णांशी, नातेवाइकांशी चार शब्द बोलत, नर्सच्या वेळा पाहून आपली वेळ बसवत. एकजण तर बेशुद्ध रुग्णांच्या खोल्यांतल्या भिंतींवरची चित्रं अधूनमधून अदलाबदल करायची. त्यांना काही जाणवत असेल तर तेवढाच फरक. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

व्यवस्थापनशास्त्राचे जाणते पीटर ड्रकर यांनी १९९९च्या एका लेखात आपली सवय सांगितली आहे. मोठा निर्णय घेतला की त्यातून काय होईल असं वाटतं ते लिहून ठेवायचं आणि नऊ-बारा महिन्यांनी प्रत्यक्षाशी ताडून पाहायचं. त्यातून त्यांना स्वतःविषयीच नवल कळलं: अभियंते, अकाउंटंट अशा तांत्रिक माणसांशी त्यांचं सहज जुळायचं, सगळ्याच विषयांत थोडंथोडं जाणणाऱ्यांशी मात्र नाही.

तेव्हा एचआरचा फॉर्म शुक्रवारी भराच. पण त्याआधी एखाद्या रविवारी गेल्या एप्रिलपासूनचं कॅलेंडर उघडून बसा, आणि येत्या वर्षाकडून काय हवं त्याच्या चार ओळी तारीख टाकून लिहून ठेवा. हा कागद साहेबांना दाखवायची गरज नाही.