राक्षसाचा रंग कुणी ठरवला?

“मावशी, स्किन कलर संपला गं!”

माझी भाची नुकतीच चौथीत गेली आहे. बाहेर पाऊस आणि घरात तिचं चित्र. अंबरनाथहून मंगळावर निघालेलं यान, त्याला सहा खिडक्या आणि खिडक्यांत सहा चेहरे. सहाही चेहरे एकाच खडूने रंगवलेले. तोच तो गुलाबीसर-केशरी खडू, जो दुकानात आपण सगळेच ‘स्किन कलर द्या’ म्हणून मागतो. झिजून झिजून नखाएवढा उरला होता बिचारा. मंगळावर मात्र एक राक्षस उभा होता, आणि त्याला तिने काळा खडू दाबून दाबून फासला होता.

मी म्हटलं, “तो नखाएवढा तुकडा जरा तुझ्या मनगटावर धर बरं.”

तिने धरला. जुळला नाही. मग आईच्या हातावर धरला, आजोबांच्या हातावर धरला, दार ठोठावून शेजारच्या काकूंच्या हातावरसुद्धा धरून आली. कुणाशीच जुळेना.

“मग ही स्किन आहे तरी कुणाची?”

तुम्हीही करून बघा हा प्रयोग. अमेरिकेतल्या क्रेयोला कंपनीच्या पेटीतही असाच एक खडू होता आणि त्यावर ‘फ्लेश’, म्हणजे अंगाचा रंग, असं छापलेलं असायचं. १९६२मध्ये कंपनीने ते नाव पुसून ‘पीच’ केलं. पीच हे फळ आहे, आणि त्याचा रंग खरंच तसा असतो. आपल्या दुकानांत मात्र जुनं नाव अजून तोंडात बसलेलं आहे.

भाचीने दोन मिनिटं विचार केला आणि दुसरा प्रश्न टाकला, “पण राक्षस तर काळाच असतो ना?”

याचं उत्तर सांगण्यापेक्षा दाखवणं सोपं होतं. रविवारी आम्ही छत्र्या घेतल्या आणि वालधुनी नदीच्या काठावरच्या शिवमंदिरात गेलो.

अंबरनाथचं हे मंदिर शके ९८२मधलं, म्हणजे इसवी सन १०६०चं. शिलाहार राजांच्या काळातलं. साडेनऊशेहून जास्त वर्षं ते ऊन-पाऊस खात उभं आहे. त्याचा दगड मात्र त्याहून कितीतरी म्हातारा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपल्या महाराष्ट्रात जमिनीच्या भेगांतून लाव्हा उसळून बाहेर आला, थरांवर थर साचले आणि गोठले. तोच हा बेसाल्ट, आपला काळा पाषाण. त्यात लोह आणि मॅग्नेशियम असलेली खनिजं भरपूर असतात, म्हणून तो काळा. पावसात भिजला की आणखी काळा होतो आणि चमकतो.

मंदिराच्या भिंतीवर बोटभर जागाही रिकामी नाही. देव आहेत, देवी आहेत, नाचणाऱ्या अप्सरा आहेत, हत्ती आहेत, आणि मोठे डोळे वटारून दात विचकणारी कीर्तिमुखं आहेत. या कीर्तिमुखाची गोष्ट भारी आहे. शंकराने एक भयंकर भुकेला राक्षस निर्माण केला आणि वर त्यालाच सांगितलं, “स्वतःला खा.” त्याने शेपटापासून सुरुवात केली आणि खात खात वर आला, शेवटी नुसता चेहरा उरला. शंकर खूश झाला आणि म्हणाला, “तू माझ्या दाराशी राहायचंस.” म्हणून देवळांच्या उंबऱ्यांवर आणि भिंतींवर हा राक्षस मानाने बसलेला असतो.

“आता सांग,” मी विचारलं, “यांतला काळा कोण?”

ती भिंतीकडे बघत राहिली. छत्री कधी कलंडली ते तिला कळलंच नाही. आणि मग ती हसली. देव काळे, अप्सरा काळ्या, हत्ती काळे, कीर्तिमुखही काळं! सगळे एकाच लाव्ह्यातून आलेले.

या गोष्टीवर जरा थांबू या. मूर्ती घडवणाऱ्या कारागिराकडे हा एकच दगड होता. कोण प्रेमळ आणि कोण भयंकर हे त्याने रंगावर सोडलं नाही. ते त्याला दाखवावं लागलं हातांच्या मुद्रेतून, डोळ्यांतून, दातांतून, कुणाच्या पायाखाली कोण आहे यातून. थोडक्यात, कोण काय करतो आहे ते कोरावं लागलं.

मग आपल्या गोष्टींत रंग शिरले कुठून? त्यातला एक मोठा झरा आपल्याच रेल्वेमार्गावर आहे. बदलापूरहून पुढे कर्जत, घाट चढून लोणावळा, आणि त्याच्यापुढे मळवली. १८९४मध्ये चित्रकार राजा रविवर्मा यांनी मुंबईत छापखाना काढला, तो पुढे मळवलीला हलवला. देवदेवतांची रंगीत चित्रं तिथे छापली जायची आणि अगदी साध्या घरांच्या भिंतींवरही जाऊन लागायची. ती छापली जायची दगडावरून! गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचं, दगड पाण्याने ओला करायचा, मग शाई लावायची. तेल आणि पाणी एकमेकांशी फटकून वागतात ना? म्हणून शाई फक्त तेलकट रेषांवर चिकटते. आणि प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागतो. एकच कागद कितीतरी दगडांवरून जायचा, तेव्हा कुठे लक्ष्मीचा गाल तयार व्हायचा. त्या लक्ष्मी-सरस्वती गोऱ्यापान झाल्या, कारण कुणीतरी तशी शाई निवडली. अंबरनाथच्या दगडाने सगळ्यांना एक रंग दिला, मळवलीच्या दगडांनी ज्याला-त्याला वेगळा.

नंतर कॉमिक्स आली. १९६७पासून अमर चित्र कथा निघू लागली; तुमच्या आईबाबांनी ती नक्की वाचली असेल. मीही अधाशासारखी वाचली. त्या पानांत देव आणि राजपुत्र बहुतेक उजळ किंवा निळे, आणि राक्षस पुष्कळदा गडद, दांडगे, केसाळ. चित्रकाराला चौकट छोटी असते. वाचणाऱ्याला एका नजरेत कळायला हवं की वाईट कोण, म्हणून रंग वापरला जातो. सोपी वाट आहे ती, पण तिच्यावरून शेकडो वेळा गेलं की आपले डोळे ती पाठ करतात. मग गोष्ट सुरू व्हायच्या आधीच आपण ठरवून मोकळे होतो.

छापलेल्या जुन्या कॉमिकवर भिंग धरा. तिथे कातडी दिसणार नाही, नुसते ठिपके दिसतील, निळसर, किरमिजी, पिवळे, काळे. कॉमिक्समधल्या त्या ‘हल्क’चंच बघा ना. १९६२मध्ये तो पहिल्यांदा आला तेव्हा राखाडी होता! पण छापखान्यात राखाडी रंग नीट उतरेना, पानागणिक वेगळा दिसायला लागला. मग त्याला हिरवा केला. जगातला सगळ्यात प्रसिद्ध हिरवा माणूस हिरवा आहे तो छापखान्याच्या अडचणीमुळे.

आता माझी एक गोष्ट सांगते. मी पाचवीत असताना गॅदरिंगमध्ये महाभारतावर नाटुकलं बसवलं होतं. मला द्रौपदी व्हायचं होतं, संवादही पाठ होते. पण वर्गात सगळ्यांत सावळी मी, म्हणून मला हिडिंबा राक्षसीण दिली आणि वर तोंडाला काजळ फासलं. मी घरी येऊन खूप रडले. तेव्हा आजीने विचारलं, “हिडिंबेने वाईट काय केलं, सांग बरं?” मला सांगता येईना. हिडिंबेने तर भीमाला आपल्याच भावापासून सावध केलं. तिचा मुलगा घटोत्कच. कर्णाने अर्जुनासाठी राखून ठेवलेली शक्ती घटोत्कचाने स्वतःवर घेतली, म्हणून अर्जुन वाचला. आणि प्रल्हाद कोण? असुराचा मुलगा. बिभीषण? रावणाचा सख्खा भाऊ. आपल्या जुन्या गोष्टी त्यांच्या चित्रांपेक्षा पुष्कळ शहाण्या आहेत, असं मला तेव्हापासून वाटतं.

आणि बळी! तोही असुरच. तरी दिवाळीच्या पाडव्याला आपण त्याचंच राज्य यावं असं म्हणतो. महात्मा फुल्यांनी १८७३मध्ये ‘गुलामगिरी’ नावाचं पुस्तक लिहिलं. ते त्यांनी अर्पण केलं अमेरिकेतल्या अशा लोकांना, ज्यांनी काळ्या माणसांना गुलामीतून सोडवण्यासाठी धडपड केली होती. पुण्यात बसून, दीडशे वर्षांपूर्वी! त्या पुस्तकात फुल्यांनी असुरांच्या गोष्टी उलटून पाहिल्या. ज्याला गोष्टीत पाताळात ढकललं तो बळी त्यांनी चांगला, न्यायी राजा म्हणून उभा केला. गोष्ट कोण सांगतो, त्यावर राक्षस कोण हे ठरतं, हे त्यांनी ओळखलं होतं.

परत येताना भाची आपला हात आणि माझा हात शेजारी धरून बघत होती. “मावशी, तुझ्यात रंग जास्त भरलाय का?”

भरलाय! रंगाचे कारखाने मात्र आम्हा दोघींकडे जवळजवळ सारखेच आहेत. त्वचेत मेलॅनोसाइट नावाच्या पेशी असतात, त्या मेलॅनिन हा गडद पदार्थ बनवतात. गोऱ्या माणसात आणि काळ्या माणसात या पेशींची संख्या साधारण सारखीच असते. फरक पडतो तो त्या किती मेलॅनिन बनवतात आणि त्याचे कण केवढे असतात यामुळे. मेलॅनिन म्हणजे अंगातली छत्रीच. जिथे ऊन कडक, तिथे अतिनील किरणांपासून ती शरीरातलं फोलेट हे जीवनसत्त्व वाचवते. जिथे ऊन कमी, तिथे मोठी छत्री अडचणीची, कारण ड जीवनसत्त्व तयार व्हायला थोडं ऊन आत यावं लागतं. आपल्या सगळ्यांचे पूर्वज आफ्रिकेतले. इंग्लंडमध्ये सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी राहणाऱ्या ‘चेडर मॅन’चा डीएनए तपासला, तर त्याची त्वचा बहुधा गडद होती असं दिसलं. इंग्लंडमध्ये, बरं का! कुठल्याही दोन माणसांचा डीएनए सुमारे ९९.९ टक्के सारखा असतो. रंगावरून स्वभाव कळेल, असं काही त्यात लिहिलेलं नाही.

परीकथांत मात्र स्वभाव ‘जाती’ला जन्मापासून चिकटतो. टोल्किन या लेखकाच्या पुस्तकांत ऑर्क नावाचे प्राणी आहेत, जन्मतःच दुष्ट. सगळेच्या सगळे? एकही बरा नाही? हा प्रश्न खुद्द टोल्किनलाही छळत होता. अर्सुला ले ग्विन या लेखिकेने १९६८मध्ये अर्थसी नावाच्या बेटांच्या जगातला जादूगार लिहिला, गेड. तो तांबूस तपकिरी वर्णाचा. त्या जगातले बहुतेक लोक तपकिरी किंवा काळे. तरी कितीतरी वर्षं पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर गेड गोराच यायचा. २००४मध्ये टीव्हीवर मालिका आली, तिच्यातही गोरा. ले ग्विनबाई भडकल्या आणि त्यांनी तसं जाहीर लिहिलं.

उलटही घडतं. १९६६मध्ये ‘स्टार ट्रेक’ ही मालिका सुरू झाली. तिच्या यानात उहुरा नावाची काळी अधिकारी होती. निशेल निकोल्स हे काम करायच्या. त्या मालिका सोडणार होत्या, तेव्हा काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणारे मार्टिन ल्यूथर किंग यांनी त्यांना सांगितलं, सोडू नका. उहुराला टीव्हीवर बघणारी एक मुलगी, मे जेमिसन, १९९२मध्ये खरोखरच अंतराळात गेली. अंतराळात जाणारी पहिली काळी स्त्री!

अंतराळावरून आठवलं, इंग्रजीत परग्रहावरच्या प्राण्याला ‘एलियन’ म्हणतात. पण हा शब्द मुळात होता परदेशी माणसासाठी! मराठीतही बघा: परका, परदेशी, परग्रहवासी, सगळ्यांच्या पुढे तोच ‘पर’. आमच्या शेजारच्या उल्हासनगरात असे ‘पर’ लोक खरंच उतरले होते. १९४७मध्ये फाळणी झाली आणि सिंधी कुटुंबं घरदार सोडून सिंधमधून निघाली. कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत, दुसऱ्या महायुद्धातल्या बराकींमध्ये, सुमारे एक लाख माणसं राहिली. ८ ऑगस्ट १९४९ला त्या वस्तीचं उल्हासनगर झालं. आजही तिथली मुलं पत्ता सांगताना कॅम्प नंबर तीन, कॅम्प नंबर पाच म्हणतात. त्यांची भाषा वेगळी, आणि ५२ अक्षरांची लिपी तर उजवीकडून डावीकडे चालणारी! आता आमच्याकडे रविवारी नाश्त्याला काय हवं विचारलं, तर भाची त्यांच्याच पदार्थाचं नाव घेते, “दाल पकवान.”

बरं, चित्राचं काय झालं? ते तिने नव्या कागदावर पुन्हा काढायला घेतलंय. यानातल्या सहा चेहऱ्यांसाठी ती तपकिरी, पिवळा, केशरी आणि जरासा निळा असे खडू एकमेकांवर घासते आणि आमच्या हातांशी ताडून बघते. कागदाच्या कडेला अकरा ठिपके झालेत. आजोबांचा रंग आठव्या ठिपक्याला सापडला.

मंगळावरच्या राक्षसाला या वेळी तिने खडू लावलाच नाही. शेजारच्या काकूंनी बदलापूरची टपोरी जांभळं आणली होती. खाऊन जीभ जांभळी झाली, उरलेला रस कापसाने राक्षसाला फासला. मी लिंबाची फोड आणि पाण्यात कालवलेला खायचा सोडा पुढे ठेवला. जांभळात अँथोसायनिन नावाचं रंगद्रव्य असतं, ते आंबटात लालसर होतं आणि सोड्यात निळं-हिरवं. तिने एका शिंगावर लिंबू चोळलं, पोटावर सोड्याचा ब्रश फिरवला, आणि श्वास रोखून बघत बसली.

शिंग गुलाबी झालं. पोट निळसर हिरवं झालं. डोकं अजून जांभळंच होतं.

“मावशी,” ती म्हणाली, “याच्या शेपटीला काय लावू?”