ग्रंथपालांची ऑनलाइन बैठक

हैदराबादच्या विद्यानगरात माझी थोरली बहीण राहते. ताई ग्रंथपाल. बिदर, उदगीर आणि हैदराबादच्या ग्रंथपालांना 'ग्रंथालय आणि सामाजिक न्याय' या विषयावर ऑनलाइन एकत्र बसवायचे, असा आमचा बेत आहे. वक्ते मिळतील हो, अडचण श्रोत्यांची!

१९५५ चा हैदराबाद ग्रंथालय कायदा झाला तेव्हा ही तिन्ही गावे एकाच राज्यात होती. १९५६ ला राज्य विभागले. आज कर्नाटकात आणि तेलंगणात घरपट्टीबरोबर ग्रंथालय उपकर घेतला जातो. महाराष्ट्राच्या १९६७ च्या कायद्यात तो नाही. आपल्याकडची सार्वजनिक वाचनालये मुख्यतः सरकारी अनुदानावर चालतात आणि खेड्यातला ग्रंथपाल तुटपुंज्या पगारावर. त्याने स्वतःच्या खिशातून इंटरनेट भरून न्यायावरचे भाषण ऐकायचे, हा कुठला न्याय?

म्हणून ताईने ठरवले: वाचनालय बंद असते त्या दुपारच्या वेळेत तासभरच बैठक, साध्या फोनवरूनही ऐकता यावे, आणि मराठी-कन्नड-तेलुगूत बोलावे. पहिला विषय दृष्टिहीन वाचकांचा. त्यांच्यासाठी २०१६ पासून 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालय आहे. गावातल्या वाचकाचे नाव तिथे कसे नोंदवायचे, हे प्रत्यक्ष करून दाखवायचे.